चाकामागे चाक: कर्ट फर्नलीची कारकीर्द कशी वाचायची

पाच पॅरालिम्पिक स्पर्धा, १३ पदकं. त्यात ३ सुवर्ण, ७ रौप्य, ३ कांस्य. ऑस्ट्रेलियाचा व्हीलचेअर रेसर कर्ट फर्नली याची ही कमाई. २००० च्या सिडनीपासून २०१६ च्या रिओपर्यंत एकाही पॅरालिम्पिकमधून तो रिकाम्या हाती परतला नाही.

हा तक्ता जरा बारकाईने पाहिला की एक गंमत दिसते. तिन्ही सुवर्णपदकं लांब पल्ल्याची आहेत. एक ५००० मीटरचं आणि दोन मॅरेथॉनची. ८०० आणि १५०० मीटरमध्ये पॅरालिम्पिकचं सुवर्ण त्याला कधीच मिळालं नाही. आणि रौप्यपदकांची संख्या सुवर्णाच्या दुपटीहून जास्त. असं का व्हावं?

पॅरा खेळाडूंबद्दलच्या बातम्यांत या प्रश्नाला जागाच नसते. तिथे जिद्द असते, संकटावर मात असते आणि शेवटी पदक असतं. मधली शर्यत गायब असते. सचिनच्या शतकाबद्दल लिहिताना खेळपट्टी कशी होती, चेंडू किती वळत होता हे आपण सांगतो. व्हीलचेअर रेसिंगमध्येही खेळपट्टी असते. इथे तिचं नाव रस्ता आणि हवा. ती समजली की फर्नलीची कारकीर्द पदकांच्या यादीपेक्षा कितीतरी रंगतदार वाटते. म्हणून आधी खेळ समजून घेऊ आणि त्यातूनच त्याच्याकडे जाऊ.

कार्कोरचा धाकटा

न्यू साउथ वेल्समधलं कार्कोर हे जेमतेम दोनशे वस्तीचं खेडं. कर्टचा जन्म १९८१ साली जवळच्या कावरा गावात झाला आणि तो वाढला कार्कोरमध्ये. पाच भावंडांत तो सगळ्यात धाकटा. पाठीच्या कण्याचा अगदी खालचा भाग आणि त्याखालचं त्रिकास्थी जन्मतःच तयार झालेलं नव्हतं. त्यामुळे पायांवर उभं राहणं शक्य नव्हतं. मोठी भावंडं माळावर हुंदडायला निघाली की हा हातांवर सरपटत त्यांच्या मागे जायचा, कुंपणं ओलांडायचा. हे सरपटणं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याची रेसिंगच्या खुर्चीशी गाठ पडली. अशी खुर्ची स्वस्तात येत नाही, कारण ती मापं घेऊन एकेका खेळाडूसाठी बनवावी लागते. मग गावाने वर्गणी काढली. दोनशे माणसांच्या गावाने एका पोराच्या खुर्चीसाठी आणि प्रवासासाठी पैसे गोळा करणं म्हणजे घराघरातून हात लागला असणार. पुढे तो न्यूकॅसलला राहून अँड्र्यू डॉज या प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झाला. शिक्षण शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाचं घेतलं.

टी-५४ म्हणजे काय

निकालपत्रावर फर्नलीच्या नावापुढे ‘टी-५४’ असं लिहिलेलं असतं. टी म्हणजे ट्रॅक, म्हणजेच पळण्याच्या शर्यती. रस्त्यावरची मॅरेथॉनही त्यातच धरतात. हाता-पायांत बळ नसणं किंवा अवयव नसणं अशा कारणांनी खुर्चीवरून शर्यत करणाऱ्यांचे गट टी-५१ ते टी-५४ असे आहेत. आकडा जितका लहान, तितका शरीरावरचा परिणाम जास्त. टी-५१ आणि टी-५२ मधल्या खेळाडूंच्या हातांवरही परिणाम झालेला असतो. टी-५३ मध्ये हात पूर्ण चालतात, पण पोट-पाठीचे स्नायू साथ देत नाहीत. टी-५४ मध्ये हात पूर्ण चालतात आणि धडावरही थोडा किंवा पूर्ण ताबा असतो.

धड एवढं महत्त्वाचं का? जड कपाट ढकलताना आपण फक्त हात वापरत नाही, कंबरेतून वाकून अंगाचा भार टाकतो. ज्याला हा भार टाकता येतो त्याला सुरुवातीचा धक्का जोरात देता येतो, आणि शेवटच्या शंभर मीटरमध्येही तोच उपयोगी पडतो. मात्र टी-५४ हा गट बराच रुंद आहे. एका टोकाला पाय नसलेला पण धड पूर्ण शाबूत असलेला खेळाडू असतो, तर दुसऱ्या टोकाला कंबरेखालचं काहीच न जाणवणारा. दोघं एकाच रेषेवरून सुटतात.

टायर पळवणारी पोरं

आता खुर्ची. तिला तीन चाकं असतात: मागे दोन मोठी, पुढे लांब दांड्याच्या टोकाला एक लहान. मागची चाकं वरून आत झुकलेली असतात. त्यामुळे खुर्ची वळणावर कलंडत नाही आणि हात खाली नेताना खांद्याच्या रेषेत राहतो. गिअर नाही, साखळी नाही, पेडल नाही. नियमांनी ते सगळं बाद केलं आहे. मागच्या प्रत्येक चाकाला बाहेरून एक लहान कडं जोडलेलं असतं. त्याला पुश-रिम म्हणतात, आणि सगळी ताकद त्या कड्यातूनच चाकात जाते.

रोजच्या व्हीलचेअरचं कडं हातात धरून फिरवतात. रेसिंगमध्ये ते धरायचंच नसतं. हातात जाड, कडक हातमोजे असतात, मूठ वळलेली असते आणि त्या मुठीची कड रिमवर आदळायची असते. उजव्या चाकाकडे बाहेरून घड्याळ म्हणून पाहा. साधारण एकच्या आकड्याला मूठ लागते, खाली दाबत सहा-सातपर्यंत जाते, तिथे सुटते, कोपर मागे वर उचललं जातं आणि हात पुन्हा एकवर येतो. असं दोन्ही हातांनी एकाच वेळी, तासाहून अधिक काळ.

गावाकडे काठीने टायर पळवणारी पोरं आठवा. टायर हळू असतो तेव्हा काठीचा फटका चांगला बसतो. टायरने वेग घेतला की काठी त्याहून जोरात फिरवावी लागते, नाहीतर ती नुसती घासून जाते. खुर्चीचं गणित हेच आहे. समजा खुर्ची ताशी ३० किलोमीटरने चालली आहे. ७० सेंटिमीटर व्यासाचं चाक तेव्हा सेकंदाला जवळपास चार फेरे घेतं. त्यावरचं ३७ सेंटिमीटरचं कडं ताशी १६ किलोमीटरच्या आसपास वेगाने हाताखालून सरकत असतं. म्हणजे मूठ आधी त्या वेगाला पोहोचली पाहिजे. त्यावर जो जादा वेग देता येईल तेवढाच खुर्चीच्या उपयोगाचा.

त्यामुळे कडं किती मोठं घ्यायचं हा खेळाडूचा मोठा निर्णय असतो, आणि शर्यत सुरू झाल्यावर तो बदलता येत नाही. लहान कडं म्हणजे सायकलचा जड गिअर. सुटताना जीव जातो, पण वेग आल्यावर हाताला आवाक्यात राहतं. मोठं कडं हलकं सुटतं, चढावर बरं, पण सपाटीवर हात कमी पडू लागतो. छोट्या शर्यतीत सुरुवातीचा झपाटा हवा आणि शेवटचा वेगही हवा, आणि दोन्ही एकाच कड्यातून काढायचे असतात.

एसटीच्या मागची सायकल

पण या खेळाचा खरा राजा हवा आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. पायी धावणाऱ्याला हे फारसं जाणवत नाही. खुर्चीवरच्या खेळाडूंचा वेग मात्र बराच जास्त असतो. स्वित्झर्लंडच्या मार्सेल हुगने २०२१ साली जपानमधल्या ओइता इथे मॅरेथॉन १ तास १७ मिनिटं ४७ सेकंदांत संपवली. ताशी साडेबत्तीस किलोमीटरची सरासरी! केल्विन किप्टमने २०२३ मध्ये पायी धावून जो विक्रम केला तो २ तास ० मिनिटं ३५ सेकंदांचा होता. या वेगाला सपाटीवर खेळाडूची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते.

एसटीच्या किंवा ट्रकच्या मागे सायकल लावून हलकं हलकं पळणारा मुलगा आपण पाहिलेला असतो (आणि त्याला ओरडलेलोही असतो). पुढचं वाहन हवा फोडतं, मागच्याला फुकट मिळतं. व्हीलचेअर शर्यतीत गाडीच्या मागे लागायला बंदी आहे, पण दुसऱ्या खेळाडूच्या मागे चाक लावायला नाही. म्हणून शर्यतीत खुर्च्या एका रांगेत, पुढच्याच्या चाकापासून वीतभर अंतरावर पळताना दिसतात. पुढे असलेला दमतो, मागचे ताकद साठवतात. कुणी सतत मागेच राहिलं तर बाकीचे चिडतात, पुढे येण्याच्या खुणा करतात. आरसे लावायला परवानगी नाही, त्यामुळे मागे कोण काय शिजवतंय हे कानांनीच ओळखायचं.

याचा परिणाम असा की सपाट रस्त्यावर गट, म्हणजे एकत्र पळणारा घोळका, फुटत नाही. चाळीस किलोमीटर सगळे एकत्र, आणि शेवटच्या तीनशे मीटरमध्ये निकाल. पुढच्या चाकाच्या आसाचा मध्य रेषेवर कधी पोहोचला यावरून क्रमांक ठरतो. ऑस्ट्रेलियाचीच लुईझ सॉव्हाज १९९८ मध्ये बोस्टन मॅरेथॉन अशीच जिंकली. अमेरिकेच्या जीन ड्रिस्कॉलने आपण जिंकलो असं समजून हात वर केला आणि त्याच क्षणी सॉव्हाजचं चाक रेषेवरून पुढे गेलं. घड्याळात दोघींची वेळ सारखीच लागली.

आता फर्नलीच्या पदकांकडे परत या. माझं वाचन असं आहे की रस्ता गट फोडतो तिथे फर्नली जिंकतो. गट शेवटपर्यंत एकत्र राहिला की त्याला बहुधा रौप्य किंवा कांस्य मिळतं.

अथेन्सचा चढ आणि बसलेलं चाक

सिडनी २००० मध्ये, १९ वर्षांचा असताना, त्याने ८०० मीटर आणि ४ बाय १०० रिलेत रौप्य मिळवलं. (या रिलेत बॅटन नसतो. येणारा खेळाडू पुढच्याच्या अंगाला हात लावतो आणि तो सुटतो.) घरच्या मैदानावरची ही सुरुवात दमदार होती, पण तो अजून गटातला एक होता.

२००४ मध्ये अथेन्सला चित्र बदललं. ५००० मीटरचं सुवर्ण त्याने घेतलंच, शिवाय मॅरेथॉन आली ती त्या खेळाच्या जन्मभूमीत. मॅरेथॉन गावाहून अथेन्सला जाणारा रस्ता दहाव्या किलोमीटरच्या आसपास चढू लागतो आणि तीस किलोमीटर उलटेपर्यंत चढच मारत राहतो. चढावर वेग घटतो, वेग घटला की हवेचा फायदाही घटतो. मागे लपण्यात अर्थ उरत नाही. तिथे प्रत्येक जण आपलं आणि खुर्चीचं वजन स्वतः ओढतो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये खुर्ची मागे सरकू पाहते. दमछाक सोसायची तयारी असलेल्या हलक्या खेळाडूसाठी हा हक्काचा रस्ता.

फर्नली पुढे निघाला, आणि शेवटचे पाच किलोमीटर उरले असताना त्याचं एक टायर बसलं. सायकल शर्यतीत मागून गाडी येते, चाक बदलून मिळतं. इथे तसं नाही. एकतर थांबून स्वतः काहीतरी करायचं, नाहीतर तसंच ढकलायचं. बसलेलं टायर रस्त्याला चिकटतं, खुर्ची त्या बाजूला ओढ घेते, त्या हाताला दुप्पट काम पडतं आणि पुढचं चाक सरळ ठेवण्यात ताकद जाते. फर्नलीने तसंच ढकललं. पाच किलोमीटर. आणि सुवर्ण घेतलं. त्याच्या सगळ्या कारकिर्दीतली मला सगळ्यात जास्त आवडणारी शर्यत हीच. ते पाच किलोमीटर निभावले, कारण आधीच्या चढांवर कमावलेली आघाडी गाठीशी होती.

२००८ मध्ये बीजिंगचा रस्ता सपाट होता, तरी मॅरेथॉनचं सुवर्ण त्यानेच राखलं, तेही गर्दीतून. माझ्या मांडणीला हा अपवाद आहे आणि तो मान्य करायलाच हवा. त्या वर्षी तो अगदी भरात होता. ट्रॅकवर मात्र जुनंच चित्र: ८०० आणि ५००० मीटरमध्ये रौप्य, १५०० मध्ये कांस्य.

लंडन २०१२ मध्ये मॅरेथॉन ‘द मॉल’ नावाच्या रस्त्यावर संपत होती. सपाट, शहरातला रस्ता. ब्रिटनचा डेव्हिड विअर पहिला, हुग दुसरा, फर्नली तिसरा, आणि तिघांत मिळून अंतर जेमतेम सेकंदाचं. ५००० मीटरमध्येही विअरच्या मागे रौप्य. २०१६ मध्ये रिओला पुन्हा सपाट किनारा, पुन्हा शेवटचा झपाटा, आणि सेकंदाच्या आतबाहेर हुग पुढे. तेव्हा फर्नली ३५ वर्षांचा होता. शिवाय ५००० मीटरमध्ये कांस्य.

आणि न्यूयॉर्क? ती मॅरेथॉन त्याने पाच वेळा जिंकली: २००६ ते २००९ सलग चार आणि मग २०१४. त्या रस्त्यात पाच पूल आहेत. सुरुवातच व्हेराझॅनो पुलाच्या चढाने होते, मध्ये क्वीन्सबरो पूल येतो, आणि शेवटी सेंट्रल पार्कचे चढउतार. गट फोडणारा रस्ता कसा असतो हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही. २०१४ मध्ये वारा इतका होता की हलक्या खुर्च्या पुलावर धोक्यात येतील म्हणून व्हीलचेअरची शर्यत पुलाच्या अलीकडून न सोडता पलीकडून सोडली आणि ती सुमारे ३७ किलोमीटरचीच झाली. फर्नली दक्षिण आफ्रिकेच्या अर्न्स्ट व्हॅन डाइकपेक्षा एका सेकंदाने पुढे राहिला.

वर्षात इतक्या मॅरेथॉन कशा झेपतात, असं कुणालाही वाटेल. पायी धावणाऱ्याच्या गुडघ्या-घोट्यांना प्रत्येक पावलाला दणका बसतो, तो भरून यायला आठवडे लागतात. खुर्चीवर तो दणका नसतो. खांदे झिजतात, पण शिकागो करून काही आठवड्यांत न्यूयॉर्कला उतरणं नेहमीचं आहे. सोळा वर्षं पदकं मिळत राहण्यामागेही हे एक कारण आहे.

दिल्ली, आणि पदक कुठे मोजलं जातं

फर्नली आपल्याकडेही जिंकून गेला आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुषांच्या टी-५४ गटाची १५०० मीटर शर्यत त्याने जिंकली. त्या काळात आपल्याकडच्या चर्चेत घोटाळे आणि अर्धवट बांधकामंच जास्त होती. नेहरू स्टेडियममध्ये जगातला एक अव्वल मॅरेथॉनपटू ट्रॅकवर सुवर्ण घेऊन गेला, हे किती जणांच्या लक्षात राहिलं कोण जाणे.

त्या सुवर्णाचं वेगळेपण असं की ते ऑस्ट्रेलियाच्या एकूण पदकांत मोजलं गेलं. ऑलिम्पिकमध्ये तसं कधी झालं नाही. १९८४ ते २००४ या काळात ऑलिम्पिकच्या मैदानावर व्हीलचेअरच्या शर्यती होत, पण प्रात्यक्षिक म्हणून. सॉव्हाजने १९९६ आणि २००० अशा दोन्ही वेळी ८०० मीटरची ती शर्यत जिंकली. सिडनीत तर लाखभर घरचे प्रेक्षक ओरडत होते. पदकतालिकेत मात्र त्याची नोंद शून्य. तिच्या नावावर पॅरालिम्पिकची नऊ सुवर्णपदकं आहेत आणि सिडनी पॅरालिम्पिकची ज्योतही तिनेच पेटवली होती. राष्ट्रकुल स्पर्धेने २००२ पासून पॅरा शर्यतींची पदकं देशाच्या तालिकेत धरली. मला हा बदल एखाद्या विक्रमाइतकाच मोठा वाटतो.

पुन्हा सरपटणं

२००९ च्या १ नोव्हेंबरला त्याने न्यूयॉर्क जिंकली. त्याच महिन्यात तो पापुआ न्यू गिनीच्या कोकोडा वाटेवर होता, खुर्चीशिवाय. ९६ किलोमीटरची ही जंगलवाट, चिखल आणि डोंगरांची. १९४२ मध्ये इथे ऑस्ट्रेलियन आणि जपानी सैन्याची झुंज झाली होती, म्हणून ऑस्ट्रेलियन लोक तिथे वारीसारखे जातात. फर्नलीने ती हातांवर सरपटत दहा-अकरा दिवसांत पार केली. पुरुषांच्या आरोग्यासाठी, मानसिक आरोग्यासाठीही, निधी उभा करणं हा हेतू होता. कार्कोरच्या माळावर भावंडांमागे जाण्याची सवय तिथे उपयोगी पडली.

परतताना ब्रिस्बेन विमानतळावर एका विमान कंपनीने त्याची खुर्ची सामानात द्यायला सांगितली आणि त्या बदल्यात अशी खुर्ची देऊ केली जी बसणाऱ्याला स्वतः चालवता येत नाही, कुणीतरी ढकलावी लागते. त्याने ती नाकारली आणि विमानतळावर सरपटत गेला. अनेकांना ही अडेलतट्टूपणाची गोष्ट वाटली. मला नाही वाटत. स्वतःच्या हातांनी जगभर फिरलेल्या माणसाला दुसऱ्याने ढकलल्याशिवाय स्वच्छतागृहातही जाता येणार नाही, असं सांगणं म्हणजे काय, ते त्या फरशीवर सगळ्यांना दिसलं. जंगलातलं सरपटणं त्याने स्वतः निवडलं होतं, विमानतळावरचं त्याच्यावर लादलं गेलं होतं. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय अपंगत्व विमा योजना चालवणाऱ्या संस्थेचं अध्यक्षपद त्याच्याकडे आलं, तेव्हा हा प्रसंग अनेकांना आठवला असेल.

गोल्ड कोस्ट

१५ एप्रिल २०१८. गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेतली मॅरेथॉन. ऑस्ट्रेलियाच्या पोशाखातली ही आपली शेवटची शर्यत, हे फर्नलीने आधीच सांगितलं होतं. त्याच स्पर्धेत १५०० मीटरमध्ये त्याला पुन्हा एकदा रौप्य मिळालं होतं.

महिलांच्या टी-५४ मॅरेथॉनमध्ये त्या दिवशी मॅडिसन डी रोझारिओ जिंकली. तिची प्रशिक्षक लुईझ सॉव्हाज. रोझारिओ स्वतः टी-५३ गटातली. म्हणजे धडाची साथ नसताना, ती साथ असलेल्यांच्या शर्यतीत उतरून ती पहिली आली. तीन वर्षांनी टोकियो पॅरालिम्पिकची मॅरेथॉनही तिने अशीच जिंकली, स्वित्झर्लंडच्या मॅन्युएला शेअरपेक्षा एका सेकंदाने.

पुरुषांची शर्यत शेवटच्या झपाट्यापर्यंत गेलीच नाही. या वेळी कुणाचं चाक त्याच्या मागे लागलेलं नव्हतं. १ तास ३० मिनिटं २६ सेकंदांनी फर्नलीचं पुढचं चाक रेषेवरून गेलं तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू मिनिटभराहून जास्त मागे होता.